वळचणीखालचं मीठ

बाबांनी पडवीच्या पत्र्याच्या खालच्या अंगाने बोट फिरवलं, जिभेला लावलं आणि म्हणाले, "बघ, मीठ हाय."

मार्च महिना होता. पाऊस जाऊन पाच-सहा महिने झाले होते. पत्रा वरून गंजलेला होता, पण अजून धड होता. वळचणीच्या खाली, जिथे पावसाचं पाणी कधी पोचत नाही, तिथे मात्र नख लावलं की तपकिरी पापुद्रे गळून पडत होते. मला वाटत होतं नेमकं उलट. जिथे पाणी पडतं तिथे गंज जास्त, असंच कुणालाही वाटेल.

"वर पाऊस धुतो, बाय," बाबा म्हणाले. "खाली कोन धुनार?"

माहेरच्या घराचं छप्पर बदलायचं होतं, म्हणून तोवर महिनाभर मी पत्र्यांच्याच मागे होते. ठाण्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलावर तळहाताएवढे नमुने पसरलेले असायचे. रंग, जाडी, लेपाचं वजन, स्क्रूचे प्रकार, सगळं वहीत लिहून काढलं होतं. पत्रा आधी कुठून कुजतो हा प्रश्न मात्र मी एकाही दुकानदाराला विचारला नव्हता.

माझं माहेर घणसोली गावठाणात. पश्चिमेला ठाण्याची खाडी, पूर्वेला ठाणे-बेलापूर रस्त्याच्या पलीकडे रबाळे-महापेची एमआयडीसी. लहानपणी बाबा कौलं शाकारायला वर चढले की मी शिडीवर उभी राहून डोकं बाहेर काढायची. खाजण दिसायचं, त्यापलीकडे खाडीचं पाणी चमकायचं. आता चहूबाजूंनी तीन-चार मजले उठलेत आणि आमचं बैठं घर त्यांच्या मधोमध खाली राहिलंय. खाडी दिसत नाही. वारा मात्र दोन इमारतींच्या फटीतून वाट काढून येतो, आणि येताना खार घेऊन येतो.

बाबांची उमेदीची वर्षं मिठागरात गेली. आगर म्हणजे मिठाचं शेत आणि त्यावरून आपण आगरी, असं आमच्याकडे लहान पोरांनाही सांगतात. उधाणाचं पाणी घ्यायचं, वाफ्यांत खेळवायचं, उन्हात आटवायचं आणि पावसाच्या आत बांधावर राशी रचायच्या. एखादी अवकाळी सर आली की पिकलेलं मीठ डोळ्यांदेखत विरघळायचं. म्हणून एप्रिल-मेच्या रात्री कौलावर पहिला थेंब वाजला की आई आधी उठायची, बाबांना हलवायची, आणि दोघं राशी झाकायला पेंढा घेऊन अंधारात धावत सुटायची. आम्ही भावंडं अंथरुणात बसून राहायचो. झोपेतही आईचा एक कान छपराकडे असायचा. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण पुढे छपराच्या आवाजावरूनच मला सगळा बेत बदलावा लागला.

घराचं छप्पर तीन तऱ्हांचं होतं. पुढे ओटी आणि माजघरावर मंगलोरी कौलं, मागे स्वयंपाकघरावर सिमेंटचे पत्रे, आणि खाडीच्या बाजूच्या पडवीवर जीआयचे, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडाचे, पन्हळी पत्रे. जसे पैसे आले तसं घर वाढलं होतं. 17 मे 2021 ला तौक्ते चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यासमोरून गुजरातकडे गेलं, तेव्हा पडवीचे दोन पत्रे उडाले. शेजारच्या मोकळ्या जागेत पडले, कुणाला लागलं नाही, हे नशीब. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर पत्रे धरून ठेवणारे जे-हुक सगळे जागच्या जागी होते. पत्रे तेवढे हुकांमधून सुटून गेले होते. प्रत्येक भोक गंजून वॉशरपेक्षा मोठं झालं होतं. वादळाने एका दुपारी नेलं, पण ती भोकं मिठाने वीस-पंचवीस वर्षं बसून कोरली होती.

त्यानंतर दोन पावसाळे ताडपत्रीवर काढले. ताडपत्री हा उपाय नव्हे हे सगळ्यांना कळत होतं, पण छप्पर बदलायचं म्हटलं की घरात दोन तट पडायचे.

दादाला स्लॅब हवा होता. त्याचं म्हणणं मी कधीच हलक्यात घेतलं नाही. गावठाणात सगळ्यांनी गरजेपोटी मजले चढवले. आपलं घर पत्र्याचं केलं तर लोक काय म्हणतील, हा प्रश्न त्याला खरोखर टोचत होता. आपल्याकडे 'पत्र्याचं घर' या शब्दात गरिबी धरलेली आहे. कौल जाऊन स्लॅब आला तर माणूस वर गेला, कौल जाऊन पत्रा आला तर खाली आला, अशी ती नजर. पण आमच्या भिंती विटा-मातीच्या. इंजिनीअरने पायाशी एक खड्डा खणायला लावला, आत उतरून पाहिलं आणि आकडे सांगितले. पाच इंची स्लॅब म्हणजे चौरस मीटरला तीनशे किलोच्या वर. मंगलोरी कौलं चौरस मीटरला साधारण पंधरा बसतात, एकेक अडीच-तीन किलोचं. म्हणजे चाळीस किलोच्या आसपास, शिवाय लाकूड. पत्रा चौरस मीटरला जेमतेम चार-पाच किलो. या भिंतींवर स्लॅब घालायचा तर आधी भिंती पाडाव्या लागतील, असं तो म्हणाला. म्हणजे घरच पाडायचं. आई आतून म्हणाली, "मी जिवंत असेपर्यंत नको." तो विषय तिथे संपला.

कौलं पुन्हा घालावीत असं मला मनापासून वाटत होतं. बासेल मिशनच्या लोकांनी 1865 मध्ये मंगळुरात पहिला कौलांचा कारखाना काढला आणि पुढे ही लाल कौलं सगळ्या पश्चिम किनाऱ्याची ओळख झाली. कौल श्वास घेतं. एक फुटलं तर एकच बदलायचं. पण आमचे वासे वाळवीने पोखरले होते, आणि दर वैशाखात येऊन शाकारणी करणारे गावातले दोघे हात आता उरले नाहीत. शाकारणी झाली नाही की कौलं दोन पावसांत सरकतात, रिपा भिजतात आणि घर आतून कुजायला लागतं. दरवर्षी हात फिरवणारं माणूस नसेल तर कौलं घरात ठेवणं हा घरावरच अन्याय आहे, असं माझं मत झालं. शाबूत कौलं मी परसात रचून ठेवली. टाकवली नाहीत.

तर पत्रा. पण कुठला?

लोखंडाला जस्ताचा लेप देतात तो जीआय पत्रा. या जस्ताचा गुण असा की ते नुसतं झाकत नाही, स्वतः आधी झिजतं. ओरखडा पडून लोखंड उघडं झालं तरी बाजूचं जस्त आपण गंजून त्याला वाचवतं. खाऱ्या हवेत मात्र ते झपाट्याने संपतं आणि मग लोखंडाची पाळी येते. आमच्या पडवीवर हेच झालं. त्यावरचा पर्याय गॅलव्हॅल्यूम. अमेरिकेतल्या बेथलेहेम स्टीलने 1972 मध्ये बाजारात आणलेला हा लेप वजनाने 55 टक्के ॲल्युमिनियम, 43.4 टक्के जस्त आणि 1.6 टक्के सिलिकॉनचा. ॲल्युमिनियम भिंतीसारखं उभं राहतं, जस्त ओरखडे सांभाळतं. पत्र्यामागे 'एझेड 150' असा छाप असेल तर दोन्ही बाजू मिळून चौरस मीटरला 150 ग्रॅम लेप आहे. ऐकायला बरंच वाटतं, पण एका बाजूला हिशोब केला तर जाडी जेमतेम 20 मायक्रॉन येते, डोक्याच्या केसाहून कितीतरी पातळ. एवढ्याशा पापुद्र्यावर घर सोपवायचं, हे कळल्यावर मी एक रात्र नीट झोपले नाही.

सगळ्यांत चांगला पत्रा कदाचित निव्वळ ॲल्युमिनियमचा ठरला असता. वजन पोलादाच्या एक तृतीयांश, लाल गंज नाही, खाऱ्या वाऱ्यात दीर्घकाळ टिकणारा. पण आमच्या अंगणात माड आहे. वरून नारळ पडला तर ॲल्युमिनियमला पोचा येणारच, आणि माड तोडायचा प्रश्नच नव्हता. शिवाय हा पत्रा उन्हाने पोलादाच्या जवळजवळ दुप्पट पसरतो, आणि छपराच्या सांगाड्याच्या लोखंडी पाइपांवर थेट टेकला, मध्ये खारं पाणी आलं, की त्या जोडीत तोच झिजतो. मध्ये रबराची पट्टी लागते. त्यात भाव ऐकून दादा आणि मी एकमेकांकडे पाहिलं. शेवटी रंगीत गॅलव्हॅल्यूम ठरला, 0.50 मिलिमीटरचा.

इथे एक गोष्ट प्रत्येकाने विचारून घ्यावी. दुकानात 'पॉइंट फाइव्ह' म्हणतात ती जाडी लेप आणि रंगासकट असू शकते. ते वजा केलं की आतलं पोलाद 0.45 च्या आसपास भरतं. मी दोन दुकानांतून 'पॉइंट फाइव्ह'चे भाव घेतले आणि दुसऱ्याचा भाव कमी पाहून हरखले होते. दोन्ही नमुने घरच्या काट्यावर ठेवले तेव्हा स्वस्ताचा हलका निघाला. त्याने खोटं सांगितलं नव्हतं. दोघं वेगळ्या गोष्टीला एकच नाव देत होते. तेव्हापासून मी नुसतं पोलाद किती आणि लेप किती, हे दोन आकडे बिलावर लिहून मागते.

हमीपत्रही मी वाचलं. मागच्या पानावर बारीक अक्षरांत लिहिलं होतं की खाऱ्या पाण्यापासून ठरावीक अंतराच्या आत आणि रासायनिक धुराच्या परिसरात ही हमी लागू नाही. आमच्याकडे तर दोन्ही. त्याच्याच खाली आणखी एक ओळ होती: पावसाने धुतला न जाणारा भाग मालकाने वेळोवेळी गोड्या पाण्याने धुवावा. मी ती ओळ दोनदा वाचली आणि बाबांना फोन केला. "मग मी काय सांगितलं?" एवढंच म्हणाले.

रंगावरून दादाशी पुन्हा थोडं झालं. त्याला कौलासारखा लाल, कौलाचा ठसा असलेला पत्रा हवा होता. म्हणजे निदान लांबून तरी कौल दिसेल. त्याचं मन मला कळत होतं, पण आत मे महिन्यात आई-बाबा झोपणार होते. फिकट रंग ऊन परत फेकतो, गडद रंग पितो. नुसता चकचकीत, बिनरंगाचा पत्राही ऊन परतवतो खरा, पण जेवढी उष्णता घेतो तेवढी लवकर सोडत नाही, म्हणून दुपारी हात लावून पाहिला तर पांढऱ्या रंगवलेल्या पत्र्यापेक्षा चटका जास्त बसतो. मी लाल आणि पांढरा असे दोन नमुने एका दुपारी अंगणात ठेवले आणि तासाभराने दादाला हात लावायला सांगितलं. त्याने लालवरचा हात लगेच उचलला. पांढरट रंग ठरला.

हलक्या छपराचा एक धोका मला आधी लक्षात आला नव्हता. कौल आपल्या वजनाने बसतं. पत्र्याला बांधून ठेवावं लागतं. भारतीय मानकात मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 44 मीटर धरतात, म्हणजे ताशी जवळजवळ 158 किलोमीटर. असा वारा छपराला दाबत नाही, वर ओढतो, आणि सगळ्यांत जास्त ओढतो कोपऱ्यांना, वळचणीला आणि आढ्याला. म्हणून भिंतींच्या माथ्यावर काँक्रीटचा पट्टा घालून लोखंडी सांगाडा त्यात बोल्टने धरला, कडेच्या पाइपांमधलं अंतर कमी ठेवलं आणि कडेला स्क्रू दाट मारले. पत्र्यांची चढण, म्हणजे एकावर एक येणारी कड, पश्चिमेकडच्या झडीला पाठ देईल अशी घेतली. जुन्या कौलांचा उतार तसाच ठेवला, कारण एवढ्या उतारावर पाणी थांबत नाही आणि जाता जाता मीठही घेऊन जातं.

रबाळ्याचा फॅब्रिकेटर मनाने चांगला, कामाला चोख. पण त्याच्या पोराने पहिल्याच दिवशी पत्रा कापायला ग्राइंडर लावला. ठिणग्यांची रांगोळी शेजारच्या नव्या पत्र्यांवर पडत होती. मी ओरडून थांबवेपर्यंत तीन पत्रे झाले होते. ग्राइंडरने कडेचा लेप जळतो, आणि लोखंडाचा तापलेला कीस रंगात रुतून बसतो. तिसऱ्या दिवशी सकाळी त्या पत्र्यांवर बारीक तांबूस ठिपके उठले होते, कुणाच्या अंगावर गोवर यावा तसे. ते मी पोराला बोलावून दाखवले. त्याला कुणी हे आधी सांगितलंच नव्हतं. तो खाली बसून बराच वेळ ठिपक्यांवरून बोट फिरवत राहिला. पुढचं सगळं काम त्याने पत्र्याच्या कात्रीने केलं आणि रोज संध्याकाळी, न सांगता, केरसुणीने छप्पर झाडलं. आई त्याला "बाळा, चा घे" म्हणून वर कप पाठवायची.

स्क्रू उंचवट्यावर मारायचे, खोलगट भागात नाही, कारण पाणी खोलात वाहतं. वॉशर रबराचा असतो. तो किंचित दबायला हवा, चेपून बाहेर यायला नको. जास्त आवळला की तो काही उन्हाळ्यांत फाटतो आणि गळती तिथूनच सुरू होते. एवढं सांगितलं तरी पुरे.

मागचे सिमेंटचे पत्रे काढायचं मला सगळ्यांत भय वाटत होतं. त्यांत ॲस्बेस्टॉस असतं. अखंड पत्रा गप्प पडून असतो, पण फोडला, कापला, घासला की अदृश्य तंतू हवेत उडतात. जागतिक आरोग्य संघटना ॲस्बेस्टॉसच्या सगळ्याच प्रकारांना कर्करोगकारक मानते. आम्ही लहानपणी त्याच पत्र्याच्या तुकड्यांनी अंगणात रेघा ओढून खेळलोय. ते आठवलं की अजून पोटात कालवतं. मी आई-बाबांना आणि दादाच्या मुलाला दोन दिवस ठाण्याला नेलं. पत्रे आधी भिजवले, नट एकेक सोडवले, एकही पत्रा खाली टाकू दिला नाही, मास्क लावून जाड प्लास्टिकमध्ये बांधले. ते न्यायला धोकादायक कचऱ्याची गाडी मिळेपर्यंत पंधरा दिवस गेले. तेवढ्या काळात त्या गठ्ठ्यांजवळ कुणाला फिरकू दिलं नाही.

आणि मग आवाज. पत्र्यावर पाऊस पडला की घरात बोललेलं ऐकू येत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. उपायही आहेत. पत्र्याला खालून चिकटून ग्लासवूल बसवलं की पत्रा कमी थरथरतो, आणि उष्णताही अडते. मी सगळ्या घराला ते लावायचं ठरवून टाकलं होतं. आई काही बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा तिचं काहीतरी असतं, म्हणून मी रात्री थांबले. दिवा घालवल्यावर म्हणाली, "आवाज बंद केलास तर पाऊस आला हे कळणार कसं?"

मी म्हटलं, "आई, आता राशी कुठे झाकायच्यात?"

"म्हणून काय झालं," ती म्हणाली. पुढे काही नाही.

दुसऱ्या दिवशी मी आराखडा बदलला. माजघर आणि झोपायच्या खोलीवर पत्र्याखाली ग्लासवूल, त्याखाली जुन्या माळ्याच्या सागवानी फळ्या, आणि आढ्याशी गरम हवा बाहेर जायला फट. पडवीवर काही नाही, नुसता पत्रा. आईची खाट माजघरात पडवीच्या दाराशी सरकवली. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पहाटे पाऊस आला तेव्हा मी तिथेच होते. खोलीत लांबून येणारी घरघर होती, पडवीत ताशा वाजत होता. आई उठून दारात उभी राहिली होती. बाबा झोपले होते. तिने त्यांना हलवलं नाही.

माजघराच्या दाराच्या मागच्या बाजूला बाबा शाकारणीच्या तारखा कोळशाने लिहायचे. दरवर्षीची एक ओळ, गेल्या काही वर्षांच्या ओळी नाहीत. यंदा दिवाळीनंतर गेले तर खाली नवी ओळ होती: 'पत्रा धुतला.' आणि तारीख. महिन्याभराने दुसरी.

मी पोचले तेव्हा तेच चाललं होतं. दादाचा मुलगा नळाशी, बाबा स्टुलावर उभे, हातात पाइप. वरच्या बाजूला त्यांनी पाणी मारलंच नाही. वळचणीखाली, पत्र्याच्या प्रत्येक पन्हळीत, पाइपच्या टोकांभोवती, स्क्रूंच्या खालच्या अंगाला, सावकाश धार फिरवत होते. मी स्टूल धरलं. अंगणात आईने सुकट वाळत घातली होती, तिच्यावर शिंतोडे उडाले आणि ती आतून ओरडली. बाबांनी धार थोडी आत वळवली, ओल्या पत्र्यावरून बोट फिरवलं, जिभेला लावलं.

"अजून हाय," म्हणाले, आणि नातवाला नळ मोठा करायला सांगितला.